बाईजाच्या हातचं ग्रीस

भाद्रपद सरत आला तशी बाईजाच्या जीपला वाचा फुटली.

धो धो पावसात कुणाला काही कळलं नव्हतं. पाऊस उघडला, भाताला लोंबी धरली, मांडवावरच्या काकडी-शिराळ्याचा शेवटचा तोडा सुरू झाला आणि मग मात्र सगळ्या खैरवाडीला ऐकू यायला लागलं. ओहोळात उतरताना कर्र, चढताना किर्र, आणि वळणावर स्टेअरिंग फिरवलं की कोंबडीची मान मुरगाळल्यासारखं क्यॅक. खैरवाडी वैशाखरे गावाच्या वर, डोंगराच्या कुशीत. तिथून खाली माळशेजच्या डांबरी रस्त्याला लागेपर्यंत वळणं काही कमी नाहीत. म्हणजे सकाळी जीप निघाली की खालपर्यंत नुसत्या कोंबड्याच कोंबड्या.

जीप कागदावर लडकूची. पण वाडीत तिला कुणी लडकूची म्हणत नसे. लडकू आपला चालवायचा, गाडीच्या पोटाखाली जायचं काम त्याच्या बायकोचं. त्याची पाठ वाकेनाशी झाली तेव्हा बाईजानं ग्रीसगन हातात घेतली ती आजतागायत. अवसेला वाडीत कुणी गाडी बाहेर काढत नाही. त्या रिकाम्या दिवशी बाईजा काष्टा आवळून, डोक्याला फडकं बांधून जीपखाली शिरायची आणि पुढच्या चाकांचे, स्टेअरिंगच्या दांड्यांचे, स्प्रिंगच्या पाट्यांचे सगळे सांधे एकेक करून ग्रीस पाजायची. अवस टळली नाही आणि बाईजाचं ग्रीस टळलं नाही. मुरबाडचा मेकॅनिक बुधू एकदा म्हणून गेला होता, "मावशी, एवढ्या जुन्या गाडीचे सांधे असे घट्ट मी दुसरीकडे बगितले नाय." हे वाक्य बाईजानं वाडीत इतक्या वेळा सांगितलं की पोरं तिच्यासमोरच ते पाठ म्हणून दाखवायची. तिला त्याचंही कौतुक.

शिमग्यात होळीची लाकडं उतरवताना लडकू घसरला आणि त्याचा डावा गुडघा कामातून गेला. क्लच दाबवेना. मुलगा भाविक आटगावजवळच्या गोदामात नोकरीला, सुट्टीच्या दिवशी तेवढा घरी. गाडी चालवणार कोण? तेव्हा सून पुढे झाली. योगिनी उंबरमाळीकडची, मामाच्या टेम्पोवर हात बसलेला, लायसन खिशात. "मी चालवते," म्हणाली, एवढंच. वाडीनं आधी तोंडात बोटं घातली आणि मग जीपमध्ये भाजी घातली, कारण तोडलेली काकडी कुणाच्या अब्रूसाठी थांबत नाही. सगळा पावसाळा योगिनीनं ओहोळाच्या पाण्यातून रोज पहाटे जीप खाली मुरबाडच्या बाजारात नेली आणि वर आणली. कुणाचा एक भोपळा फुटला नाही.

आणि आता हा आवाज.

त्या सकाळी कमळूच्या दारात जीप थांबली. कमळूचं घर वाडीच्या सगळ्यांत खालच्या वळणावर. वाडीत सगळ्यांत जास्त मांडव त्याचे, यंदा झेंडूही त्याचाच जास्त, त्यामुळे भाजीवाल्यांत त्याचा शब्द चालायचा. पोतं जीपमध्ये टाकून त्यानं कमरेवर हात ठेवले.

"योगिनी, गाडी आनलीस का खुराडा?"

जीपमधली माणसं हसली. बाईजा काकडीच्या पाटीवर हात ठेवून पुढच्याच सीटवर बसली होती. ती हसली नाही.

"लडकूच्या हातात व्हती तवर ही गाडी कधी बोलली नाय," कमळू म्हणाला. "बाईमानसाच्या हातात गेली नि कुरकुराया लागली. खड्ड्यात आपटून आपटून सांधे ढिले केले हिनं."

"कमळू," बाईजा म्हणाली, "तुझी बायको मायेरी व्हती तवर गप गरीब व्हती म्हनतात. तुझ्या घरात आली नि बोलाया लागली. तो कुनाचा दोष धरायचा?"

आता मात्र हसण्याचा गलकाच झाला. मागे बसलेली हिराबाई तर पदर तोंडात कोंबून हसली. ती खालच्या, रस्ता नसलेल्या कातकरी पाड्यातली, रानभाजीचे भारे घेऊन पहाटे चढून वर यायची आणि तिथून जीपनं बाजाराला जायची. घरात कमळूची बायकोही हसली, तो आवाज बाहेर आला आणि कमळूचे कान तांबडे झाले.

"हसा, हसा. पन आयका. दसऱ्याचा झेंडू मी या गाडीत घालनार नाय. शामचा नवा पिकअप हाय, त्याला सांगतो. ओहोळात चाक निखळला तर समद्या वाडीचा झेंडू वाहून जाईल. मंग हिला धरायची का हिच्या सासूला?"

 कमळूचा झेंडू शामकडे गेला की उरलेल्यांचाही जाणार, झेंडूमागून भाजी जाणार, आणि मग जीप दारात उभी राहून तिच्यावर कोंबड्या बसणार, हे सगळ्यांना कळत होतं. योगिनीला सगळ्यांत जास्त कळत होतं. तिनं गिअर टाकला. वळणावर जीप क्यॅक करून ओरडली.

बाजार आटोपून परत येताना जीपमध्ये दोघीच होत्या. ओहोळाच्या अलीकडे योगिनी म्हणाली, "आई, सांधे कोरडे पडलेत. स्टेअरिंग हाताला जड लागतंय मला."

"कोरडे?" बाईजा ताडकन वळली. "गेल्या अवसेला पोटभर ग्रीस मारलाय मी. गन दाबवत नव्हती शेवटाला, एवढा भरला."

"मंग मी चालवते त्यातच खोट हाय म्हना."

योगिनी हे भांडायला बोलली नव्हती. साध्या आवाजात बोलली, समोर बघत. पण बाईजाची जीभ, जी वाडीत कुणापुढे अडत नसे, ती तिथे अडली. ग्रीस बरोबर म्हणावं तर सुनेचा हात चुकीचा ठरत होता. सुनेचा हात बरोबर म्हणावा तर मग आपलंच ग्रीस? छे! नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात तसं हिला चालवता येईना म्हणून सांधे कोरडे, असं तिनं मनात म्हणून बघितलं. पण पावसाळाभर ती योगिनीच्या शेजारी बसली होती. खड्डा आला की ही पोरगी गाडी अशी हळू उतरवायची की मांडीवरची अंड्यांची टोपली हलत नसे. ते खोटं कसं म्हणायचं? बाईजा घर येईपर्यंत गप्प बसली. तिच्या बाबतीत हे लिहून ठेवण्यासारखं होतं.

कमळूचं बोलणं लडकूपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. तो ओट्यावर गुडघ्याला एरंडाचं पान बांधून बसला होता.

"उद्या मी चालवतो," तो म्हणाला. "समद्यांची तोंडं बंद करतो."

"गुडघा बगा आधी," बाईजा म्हणाली.

"गुडघा माझा हाय. तू नको सांगू."

दुसऱ्या दिवशी लडकू स्टेअरिंगवर बसला. अंगात इस्त्रीचा शर्ट, कपाळाला अबीर. बसतानाच त्यानं डावा पाय हातानं उचलून आत घेतला, पण चेहरा नवरदेवासारखा. शेजारी मुद्दाम कमळूला बसवलं. बाईजा आणि योगिनी मागे पोत्यांवर.

पहिल्याच वळणावर जीप ओरडली. क्यॅक. नेहमीपेक्षा मोठ्यानं.

"लडकूबाबाच्या हातात पन बोलते की," हिराबाई मागून म्हणाली. कमळूनं बाहेर बघितलं.

लडकूचा जबडा आवळला. तो पुढे झुकून चालवायला लागला, जणू आवाजाला छातीनं दाबून धरणार होता. ओहोळ आला. पाण्यात उतरताना गिअर बदलायला हवा होता. त्यानं क्लचवर पाय दिला आणि पाय तिथेच राहिला. अर्धा दाबलेला, ना खाली ना वर. जीप पाण्याच्या मधोमध आचका देऊन बंद पडली. लडकूच्या मानेवर घामाचे थेंब आले. दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून तो बसून राहिला आणि ओहोळाचं पाणी चाकांवरून खळखळत गेलं.

योगिनी मागून पाण्यात उतरली. सलवार गुडघ्यापर्यंत ओढून ती दाराशी आली.

"बाबा, जरा सरकता का?"

लडकू सरकला. म्हणजे आधी अंग सरकवलं, मग दोन्ही हातांनी मांडी धरून तो पाय गिअरच्या दांड्यावरून पलीकडे घेतला. हे जीपमधल्या सगळ्यांनी बघितलं. तीस वर्षं हाच माणूस ह्याच ओहोळातून एका हातानं गाडी काढायचा आणि दुसऱ्या हातानं तंबाखू मळायचा.

"काय गाडी व्हती लडकू तुझी," कमळू हळहळून म्हणाला. "काय करून ठेवली हिनं."

लडकू पाण्याकडे बघत राहिला, योगिनीनं मान खाली घालून किल्ली फिरवली.  नवऱ्याचा तो हातानं उचललेला पाय आणि सुनेची ती खाली घातलेली मान, दोन्ही एकदम बाईजाच्या नजरेत राहिले. आवाज लडकूच्या हातातही झाला होता. म्हणजे हातात काही नव्हतं. जे होतं ते खाली होतं, आणि खाली तिच्याशिवाय कुणी जात नव्हतं.

सर्वपित्रीची अवस आली. सकाळी बाईजानं पितरांना पान वाढलं. खीर, वडे, भोपळ्याची भाजी. कावळा लवकर शिवला तेव्हा तिला बरं वाटलं. दुपारी तिनं काष्टा आवळला.

परसात दोन दगडी बांध शेजारी शेजारी घातलेले होते, मधे माणूस झोपेल एवढा चर. योगिनीनं जीप हळूच त्या बांधांवर चढवली आणि मागच्या चाकांना धोंडे लावले. बाईजानं पुढे जॅक लावून चाक अधांतरी केलं. सांध्यावर भार असला की ग्रीस सगळीकडे फिरत नाही, लटकत्या चाकात फिरतं, हे तिचं जुनं शास्त्र. मग ती चरात उताणी झोपली. वर जीपचं काळं पोट. प्रत्येक सांध्यावर बोराच्या बीएवढा लोखंडी कोंब असतो, त्याला निपल म्हणतात. त्याच्या टोकाला बारीक भोक, त्यातून ग्रीस आत जातं. तिनं फडक्यानं निपल पुसला, गनचं तोंड त्यावर बसवलं आणि दाबलं. एकदा दाबली. दुसऱ्यांदा दाबताना गन घट्ट झाली, तोंडाच्या कडेनं ग्रीस बाहेर पसरलं.

"भरला," बाईजा म्हणाली.

योगिनी बाजूला उकिडवी बसून बघत होती. "आई, तो आत गेला नाय. बाहेरच पसरला."

"आता तू शिकीव मला!"

 पण बाईजाचा हात दुसऱ्या सांध्याकडे जाता जाता थांबला. ओहोळातला लडकू आठवला. ती म्हणाली, "वर बस. स्टेअरिंग फिरव. सावकाश."

योगिनी वर बसली. बाईजानं तळहात सांध्यावर ठेवला, तापल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. स्टेअरिंग फिरलं. सांधा तिच्या हाताखाली खरखरला. जात्यात वाळू पडावी तशी ती खरखर तिच्या कोपरापर्यंत आली. ग्रीस प्यालेला सांधा हाताला लागत नाही, नुसता वळतो. हे तिला ठाऊक होतं, जन्माचं ठाऊक होतं. पण सगळा पावसाळा तिनं सांध्यावर हात म्हणून ठेवला नव्हता. गन घट्ट झाली की पोट भरलं, एवढ्यावर ती निर्धास्त राहिली होती.

तिनं निपलवरचं ग्रीस पुसून काढलं आणि नखानं खरवडलं. खाली काळं. आणखी खरवडलं. काळं निघेना. भोक कुठे दिसेना. तिनं नख नाकाशी नेलं आणि तिला वास आला डांबराचा.

वैशाखात तिनंच तर मारलं होतं. आदल्या पावसाळ्यात गंजानं तळाचा पत्रा खाल्ला होता, म्हणून यंदा रस्त्याच्या कामावरचं उरलेलं डांबर डबाभर आणून, गरम करून, काथ्याच्या कुंच्यानं जीपच्या सगळ्या पोटाला दिलं होतं. बाईजाचा हात मुळातच सैल. कालवणात तेल असो की गाडीला डांबर असो, ती हात आखडत नसे. पोटाला दिलं ते दिलं, निपलांनाही दिलं. मग अवसेमागून अवस तिनं त्या बुजलेल्या भोकांवर गन लावली, गन घट्ट झाली, ग्रीस बाहेर साचलं, आणि ती आपल्याच हातावर खूश होऊन बाहेर आली. आत सांधे सगळा पावसाळा ओहोळाचं पाणी पीत होते.

बाईजाला चरात झोपल्या झोपल्या दरदरून घाम फुटला.

"आई, काय झाला?" वरून योगिनीनं विचारलं.

"काय नाय. थांब जरा."

खरं सांगायचं तर त्या घटकेला बाईजाच्या मनात आलंच. निपल गुपचूप साफ करावेत, ग्रीस मारावं, आवाज गेला की गेला. वाडी म्हणेल, सुनेनं बिघडवली, सासूनं सुधारली. बुधूच्या त्या वाक्याला आणखी एक जोड मिळेल. डांबर आपण लावलं हे आपल्याला आणि ह्या जीपच्या पोटाला ठाऊक, आणि जीपचं पोट काही बोलायला जात नाही. ह्या विचाराबरोबर ती गरजेपेक्षा जास्त वेळ तिथे पडून राहिली. कुणाच्याही मनात येईल, तिच्याही आलं. मग तिला स्वतःचाच राग आला.

"योगिनी! खाली ये. दाभन घेऊन ये नि राकेलची बाटली पन."

योगिनी चरात तिच्या शेजारी येऊन झोपली. दोघींचे खांदे एकमेकींना लागले.

"बग," बाईजा म्हणाली, "बग तुझ्या सासूनं काय करून ठेवलाय. समदी भोकं डांबरानं बुजवली. तुझ्या हातात काय खोट नाय."

योगिनीनं बघितलं. बोट लावून बघितलं. मग तिला हसू फुटलं. आधी तिनं ते दाबलं, पण चरात दाबून दाबून किती दाबणार. बाईजा भडकली, "दात काय काढतंस?" आणि मग तिलाही हसू आलं. दोघी जीपखाली इतक्या हसल्या की ओट्यावरून लडकू ओरडला, "अगो, जॅक सटकंल!"

काम मग सरळ होतं. दाभणानं डांबर टोकरायचं, रॉकेलनं धुवायचं, निपल साफ झाला की गन लावायची. पहिला मोकळा झाला आणि गन बाईजाच्या हातात, लोण्यात बोट शिरावं तशी, सहज दबली. तिनं दाबतच ठेवली. सांध्याच्या कडेनं आधी पाणी आलं. मग तांबडा गाळ, गंजाचा. मग काळं, मग मळकं, आणि शेवटी स्वच्छ ग्रीस डोकावलं तेव्हा बाईजानं गन काढली. "असा निघाला पायजे. स्वच्छ दिसल्याबिगर गन काढायची नाय," ती म्हणाली. योगिनीनं पुढचा स्वतः केला, त्याच्या पुढचाही. संध्याकाळपर्यंत दोघींच्या केसांपासून कोपरांपर्यंत काळं झालं होतं.

एक सांधा मात्र मेला होता. डाव्या चाकाचा, खालचा. चाक दोन्ही हातांनी हलवलं की टकटक वाजायचा. "ह्यात ग्रीस घालून काय उपेग नाय," बाईजा म्हणाली. "ग्रीसनं सांधा टिकतो, झिजलेला भरून येत नाय. हा मी मारला." तो बदलेपर्यंत जीप परसातच राहिली; नवरात्रात भाविकनं सुट्टीला येताना शहापूरहून नवा आणला आणि बुधूनं येऊन बसवून दिला. बुधूलाही बाईजानं डांबराचं सांगितलं. बुधू म्हणाला, "चला मावशी, तुमी पन मानूस हाय म्हनायचा."

"आई, वाडीत नका सांगू," योगिनी म्हणाली. "आवाज गेला, झाला."

"आवाज जाईल, पन तुझ्या नावाला लागलाय तो कसा जाईल?" बाईजा म्हणाली आणि अष्टमीच्या दुपारी चपला घालून कमळूच्या अंगणात गेली.

तिथे सगळे काकडी निवडत बसले होते. बाईजा मधोमध उभी राहिली. काही मागायला आलेल्या माणसासारखी नव्हे, पाहुण्यांना जेवायला बोलवायला आल्यासारखी.

"आयका समदे. गाडीचे सांधे योगिनीनं नाय बिघडवले, मी बिघडवले. डांबर मारताना निपल बुजवले. पावसाळाभर ग्रीस आत गेलाच नाय."

सगळ्यांचे हात थांबले. मग कमळू मान हलवत हसला.

"बाईजा, सासू असावी तर तुझ्यासारखी."

"म्हंजे?"

"सुनेला पाठीशी घालतंस. घाल, घाल. पन तुझ्या हातून ग्रीस चुकल? आमी काय खुळे हाय का?"

"अरे, माझ्याच हातून चुकला!"

"बुधू काय म्हनतो?" कोपऱ्यातून कुणीतरी सुरू केलं आणि चार जणांनी एका सुरात पूर्ण केलं, "एवढ्या जुन्या गाडीचे सांधे असे घट्ट मी दुसरीकडे बगितले नाय!"

अंगण हसलं. बाईजा उभीच्या उभी राहिली. जन्मभर स्वतःची टिमकी वाजवली, ती आता तिच्याच कानठळ्या बसवत होती. तिनं पदराला बांधून आणलेला जुना, डांबरलेला सांधा काढून दाखवला. कमळूनं तो उलटासुलटा केला. "हे कोन पन आता लावून आनील," तो म्हणाला. खोटं बोलून नाव मिळवलेली माणसं वाडीनं पुष्कळ बघितली होती. खरं बोलूनही नाव जात नाही अशी बाई पहिल्यांदाच बघत होती.

"ठीक हाय," बाईजा म्हणाली, "माझ्यावर नको इश्वास ठेवू. कानावर तरी ठेवशील?"

"तो ठेवीन. उद्या, दसऱ्याच्या आदल्या पहाटे, येऊ दे जीप. मी झेंडू भरून तयार ठेवतो. पडवीत बसतो कान लावून. वळनावर कोंबडी ओरडली का शामला फोन. नाय ओरडली तर माल तुझ्या सुनेच्या गाडीत. बास?"

"बास."

त्या पहाटे डोंगरावर धुकं होतं. योगिनी अंधुक उजेडात जीप काढून वाडी उतरायला लागली. ह्या वेळी बाईजा शेजारी बसली होती, मागे हिराबाई आणि तिचे भारे. वरच्या घरांचे हारे, म्हणजे झेंडूच्या मोठ्या टोपल्या, चढले. झेंडूच्या वासानं जीप भरून गेली. पहिलं वळण आलं. बाईजानं श्वास धरला. चाक वळलं. इंजिनाची घरघर तेवढी चालू, बाकी काही नाही. दुसरं वळण, काही नाही. खड्ड्यात चाक उतरलं आणि वर आलं, बिनबोभाट. बाईजाचे डोळे भरून आले. तिला रडायला आवडत नसे, म्हणून तिनं धुक्याला नावं ठेवली.

कमळूचं घर आलं. दारात कुणी नव्हतं. पडवीत दिवा होता, हारे भरून ठेवलेले दिसत होते, आणि त्या हाऱ्यांमागे कमळू कानामागे हात धरून बसलेला. योगिनीनं जीप हळू केली. कमळूनं मान वर करून धुक्यातल्या दिव्यांकडे एक नजर टाकली आणि परत कानामागे हात धरला.

"हाक मारू का?" योगिनीनं विचारलं.

बाईजाच्या ओठावर आलं होतं, मार म्हणून. पण तिनं कमळूचा तो लावलेला कान बघितला. "ठरलाय तसा होऊ दे," ती म्हणाली. "चल पुढं."

जीप पुढे गेली. वाडीबाहेरच्या पुढच्या वळणावर पोचली असेल नसेल, तोच मागून आरडाओरड ऐकू आली. बाईजानं वळून बघितलं. डोक्यावर झेंडूचा हारा, एका हातानं लुंगी सावरत कमळू उतारावरून पळत येत होता. त्याच्यामागे दुसरा हारा घेऊन त्याची बायको. गाडी तिनंच ओळखली होती, आणि ती पळता पळता नवऱ्याला जे बोलत होती ते सगळ्या डोंगराला ऐकू येत होतं.

"थांब! अगो योगिनी, थांब!"

योगिनीनं ब्रेक लावला. कमळू धापा टाकत दाराशी आला. झेंडूची चार फुलं त्याच्या खांद्यावर सांडली होती.

"अगो, मना वाटला शामची गाडी गेली!" तो म्हणाला. "मी आपला बसलोय, कोंबडी कवा ओरडते म्हनून!"

हिराबाई एवढ्या मोठ्यानं हसली की तिच्या भाऱ्यातली पानं हलली. बाईजाकडे एक नव्हे, दहा टोमणे तयार होते, एकाहून एक खमंग. तिनं ते सगळे गिळले. योगिनी खाली उतरली, हाऱ्याचं दुसरं टोक धरून तिनं तो कमळूबरोबर वर चढवला, मग त्याच्या बायकोचाही, आणि परत स्टेअरिंगवर जाऊन बसली.

कमळूनं खिशातून रुमाल काढून मान पुसली. मग तो नेहमीच्या सवयीनं बाईजाच्या बाजूच्या खिडकीशी आला.

"उद्या तोरनाचा माल हाय अजून," तो म्हणाला. "किती वाजता येनार?"

"मना नको इचारू," बाईजा म्हणाली. "गाडी तिची हाय."

कमळूनं रुमाल खिशात घातला. मग तो जीपला पुढून वळसा घालून पलीकडच्या खिडकीशी गेला आणि तेच पुन्हा योगिनीला विचारलं.